अमावस्येची बैठक

१९८३ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. पुण्यातल्या आमच्या कार्यालयात दुसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाभोवती नऊ पुरुष बसले होते, आणि टेबलाच्या मधोमध, जिथे एरवी पाण्याचा जग असायचा, तिथे एक नवंकोरं लोखंडी घमेलं ठेवलं होतं. घमेलं इतकं मोठं होतं की पलीकडे बसलेल्या पन्नालालशेठचं पोट त्याआड लपलं होतं.

"सोळा इंचाऐवजी अठरा," शेठ म्हणाले. घमेल्यांचा कारखाना त्यांचा. "खोलीही दोन बोटं जास्त. दहा खेपांचं काम सात खेपांत. देशाचा वेळ वाचेल, साहेब."

वस्तू कशी असावी, किती जाड, किती रुंद, याचे नियम ठरवणारं आमचं कार्यालय. त्या नियमांना मानक म्हणत. एकदा मानक ठरलं की सरकारी कामांवर तीच वस्तू घ्यावी लागायची, आणि सरकारी कामांवर गेलेली वस्तू दोन-तीन वर्षांत गल्लीबोळातल्या बांधकामावरही पोचायची. मी तिथे तांत्रिक सहायक होते. स्थापत्याचा डिप्लोमा झालेला, वय चौतीस. प्रयोगशाळेत चाचण्या घ्यायच्या आणि बैठकीत कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम. सहा वर्षांत त्या खोलीत मी 'चहा सांगू का' यापलीकडे काही बोलले नव्हते.

समितीचे सचिव देवस्थळी हजेरी वाचू लागले. कारखानदार, हजर. ठेकेदार संघ, हजर. बांधकाम खातं, हजर. इंजिनिअरिंग कॉलेज, हजर.

"वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी," देवस्थळींनी वाचलं आणि मान वर न करता म्हणाले, "रिक्त."

त्या जागेची खुर्ची मात्र होती. माझ्या समोरच होती. तिच्यावर पन्नालालशेठ आपली चामडी बॅग ठेवत असत.

अध्यक्ष प्राध्यापक रिसबूड म्हणाले, "हरकत नसल्यास पुढे जाऊ. मसुद्यावर कुणाची हरकत? नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी अंतिम मंजुरी."

मी 'रिक्त' लिहिलं. सहा वर्षं तोच शब्द तसाच लिहीत आले होते, पण त्या दिवशी लिहिताना समोरच्या बॅगेकडे नजर गेली आणि पेन थांबलं. मी उभी राहिले.

"सर, अजून दोन महिने आहेत. ही जागा भरायचा प्रयत्न करून बघू का?"

सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू घमेलंच बोललं होतं.

"करा की," रिसबूड म्हणाले. "मे महिन्याच्या आत माणूस आणलात तर बसवू. नाही आणलात तर मसुदा आहे तसा मंजूर."

मी इंग्रजीत पत्रं टंकली. चाळीस संस्थांना रजिस्टर पोस्टाने पाठवली. दोन उत्तरं आली. एका संस्थेने आपल्या स्मरणिकेसाठी जाहिरात मागितली, दुसरीने पत्ता चुकल्याचं कळवलं. एप्रिल लागला तसे देवस्थळी रोज माझ्या टेबलाशी थांबून विचारू लागले, "काय टिपणीसबाई, आला का घमेलेवाल्यांचा राजदूत?"

शेवटी मी रजिस्टर काखेला मारून कोथरूडच्या एका बांधकामावर गेले. दुपारची जेवणाची सुट्टी होती. अर्धवट स्लॅबच्या सावलीत पंधरा-वीस बायका भाकरी खात होत्या. मी रजिस्टर उघडलं मात्र, चिमण्या उडाव्यात तशा सगळ्या उठल्या आणि विटांच्या थप्पीमागे गेल्या. एकच जागची हलली नाही. पन्नाशीची, काटक, पाय पसरून बसलेली.

"आमची सगळ्यांची आपरेशनं झाल्यात," ती म्हणाली. "म्होरं जावा."

"मी कुटुंबनियोजनाची नाही. घमेल्यासाठी आलेय."

"कशापायी?"

"घमेल्यासाठी."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं ए, या गं समद्या. ही बाई घमेल्यापायी आलीया."

तिचं नाव सोजरबाई मस्के. बीडकडची, आष्टी तालुक्यातली. लग्न होऊन पुण्याला आली ती डोक्यावर घमेलं घेऊनच, म्हणत होती. मी तिला विचारलं, "घमेल्याबद्दल काही तक्रार आहे का?"

तिने लांब उभ्या असलेल्या मुकादमाकडे पाहिलं. "न्हाई. लई चांगलं हाय."

मी ते लिहून घेतलं. दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. सगळ्यांना घमेलं फार आवडत होतं. मुकादम विडी ओढायला रस्त्यापलीकडे गेला, तेव्हा सोजरबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला, कापडाची चुंबळ काढली आणि मान खाली घातली. टाळूवर पेल्याच्या बुडाएवढी जागा गुळगुळीत, केस नसलेली.

"ह्ये तक्रारीत लिवतात का?" तिने विचारलं.

मी रजिस्टर मिटलं. मग तिला हाताने दाखवलं, आता अठरा इंची येणार आहे म्हणून. तिचा भाकरीचा हात थांबला.

"कोण आणतंय?"

"एक समिती आहे. मोठी माणसं आहेत."

"त्यात डोक्यावर घेणारं कोण हाय?"

"कुणी नाही."

"मंग इंचाचं त्यांला कसं कळलं?"

मी म्हणाले, "सोजरबाई, तुम्ही याल का बैठकीला? पुढच्या महिन्यात, मंगळवारी."

"मंगळवारी कसं येऊ, ताई? एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी ह्यो मुकादम पाटीला हात लावू देत न्हाई. नवी बाई उभी करतो."

"मग तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"अवसेला."

मला ते ठाऊक असायला हवं होतं. अमावस्येला गवंडी थापीला हात लावत नाही, स्लॅब पडत नाही, कामावर शुकशुकाट. माझ्या वहीत महिन्यातले सगळे मंगळवार आखलेले होते, अमावस्या एकही नव्हती. आमची बैठक सहा वर्षांत कधी अमावस्येला भरलीच नव्हती, आणि ती का भरली नव्हती तेही मला त्याच क्षणी उमगलं.

कार्यालयात परतल्यावर मी बैठक अमावस्येला ठेवायचं सुचवलं. "टिपणीसबाई," देवस्थळी म्हणाले, "मी अमावस्येला सुईसुद्धा विकत घेत नाही. आणि तुम्ही देशाचं मानक मंजूर करायला निघालात. बरं, त्या बाईंची संस्था कोणती?"

"संस्था नाही."

"संस्थेशिवाय सभासद होता येत नाही. कलम चार."

"कलम नऊ," मी म्हणाले. "अध्यक्ष एखाद्या तज्ज्ञाला निमंत्रित म्हणून बोलावू शकतात." आदल्या दिवशी मी नियमावली पहिल्या पानापासून वाचून काढली होती.

देवस्थळींनी कपाटातून तज्ज्ञांचा छापील फॉर्म काढला आणि माझ्यासमोर आपटला. मी भरू लागले. नाव, सोजरबाई गेनू मस्के. क्षेत्र, बांधकाम साहित्याची वाहतूक. अनुभव, तीस वर्षे.

"शिक्षण?" ते खांद्यावरून वाकून म्हणाले.

मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली. "रिसबूड सरांच्या अनुभवाच्या रकान्यात घमेल्यापुढे काय लिहिलंय?" मी विचारलं. त्यांनी कपाट बंद केलं.

रिसबूड सरांकडे मी घरीच गेले. ते अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम थांबून त्याला बिस्किट घालत, असं त्यांचे विद्यार्थी सांगायचे. मला वाटलं होतं, तारीख बदलून घेणं सोपं जाईल.

"अमावस्या?" ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला. "तसं माझं काहीच नाही. पण इतर सभासदांच्या भावना असतात."

आतून त्यांच्या पत्नी मालतीबाई चहा घेऊन आल्या. "इतरांच्या कशाला? त्या दिवशी तुम्ही दाढीसुद्धा करत नाही."

"ती सवय आहे," सर म्हणाले.

"पस्तीस वर्षं बघतेय ती सवय." त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला. "कोण बाई यायच्या आहेत त्या?"

मी सांगितलं. टाळूवरच्या त्या जागेचंही सांगितलं. मालतीबाई ट्रे हातात धरून उभ्याच राहिल्या. सर चहा ढवळू लागले.

"बोलेल का ती?" त्यांनी विचारलं. "नऊ माणसांसमोर?"

"माझ्यापेक्षा जास्त बोलेल."

"तुम्ही सहा वर्षांत एकदा बोललात."

"म्हणूनच म्हणतेय, सर."

चैत्र अमावस्या मे महिन्यात गुरुवारी पडली होती. सरांनी स्वतःच्या हाताने मंगळवार खोडून गुरुवार लिहिला.

त्या गुरुवारी सोजरबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून, बगलेत आपलं रोजचं सोळा इंची घमेलं आणि कमरेला खोचलेली चुंबळ घेऊन जिना चढून आली. मी तिला तिच्या खुर्चीपाशी नेलं. खुर्चीवर बॅग होती. शेठ कागद वाचत होते. सोजरबाई बॅगेकडे बघत उभी राहिली, मग खाली फरशीवर बसायला वाकली.

"खाली नाही, खुर्चीवर," मी म्हणाले. "शेठ, ही जागा आज भरलेली आहे."

शेठनी बॅग उचलून मांडीवर घेतली. सोजरबाई खुर्चीच्या कडेवर टेकली.

देवस्थळींनी चाचणीचा अहवाल वाचायला घेतला. "अठरा इंची नमुना. कोरडी वाळू काठोकाठ भरून वजन, अठरा किलो. डोक्यावर वाहून नेण्यास योग्य."

"काठोकाठ म्हंजी?" सोजरबाईने विचारलं.

देवस्थळींनी कपाळाला आठ्या घातल्या. रिसबूड म्हणाले, "विचारू द्या."

मी उठून खोलीच्या कोपऱ्यातली सागाची पट्टी आणली. "भरलं की ही पट्टी काठावरून अशी फिरवायची. वरची जादा वाळू खाली पडते. उरेल ते वजन."

तिने पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "आन् ही पट्टी कोण फिरवतं?"



"मी," मी म्हणाले.

तो अहवाल माझा होता. इतके दिवस मी कुणाला ते बोलून दाखवलं नव्हतं, खरं तर स्वतःलाही नाही. मी पट्टी फिरवली होती, मी तराजू वाचला होता, आणि 'योग्य' या शब्दाखाली माझीच सही होती. चाचणी नियमाप्रमाणे झाली होती, त्यात खोट नव्हती, असंच मी समजत होते.

सोजरबाईने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही ती. म्हणाली, "ताई, आमच्या कामावर पट्टी फिरवणारं एक माणूस ठिवा. जलमभर तुमचं नाव घेईन."

पहिल्यांदा हसले ते बांधकाम खात्याचे इंजिनिअर. मग रिसबूड उठले. "चला, खाली चला सगळे."

मागच्या अंगणात प्रयोगशाळेची वाळू आणि खडी पडलेली होती. सोजरबाईने वाळूवर पाणी ओतायला लावलं, खडी मिसळायला लावली आणि आमच्या दोन मजुरांना फावडी धरायला सांगितलं. "भरा. आणिक. अरं, काठ आला म्हून थांबतंय व्हय कुणी? शीग लावा. थापटा वरून. आता कसं."

अठरा इंची घमेल्यावर ओल्या मालाची ढेरी उभी राहिली. तराजूवर ठेवलं. बत्तीस किलो. तिचं सोळा इंची तसंच भरलं, तेवीस.

"मग कमी भरा म्हणावं," पन्नालालशेठ म्हणाले. "यात माझ्या घमेल्याचा काय दोष?"

"शेठ, भरणारा येगळा आन् नेणारी येगळी," ती म्हणाली. "भरणाऱ्याला माझी मान दिसत न्हाई. त्याला काठ दिसतो. जेवढा काठ तेवढं त्यो भरतो. म्या कमी भर म्हणले तर मुकादम म्हणतो, घरी बस."

"तरी पण बत्तीस किलो म्हणजे काही डोंगर नव्हे," देवस्थळी म्हणाले. ते चाळिशी ओलांडलेले, रोज सकाळी दंड-बैठका काढणारे, आणि तसं सांगणारेही. "तालमीत आम्ही याच्या दुप्पट उचलतो."

सोजरबाईने कमरेची चुंबळ सोडली आणि त्यांच्यापुढे धरली. "घ्या की मंग, साहेब. दुसऱ्या माळ्यापर्यंतच जायचंय."

आता मागे फिरणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. चुंबळ डोक्यावर बसली. दोघांनी घमेलं उचलून वर ठेवलं. देवस्थळी निघाले, ताठ, दोन्ही हातांनी काठ धरून. त्यांच्या मागे सोजरबाई, मग मी, आणि आमच्या मागे सगळी समिती जिन्यात.

पहिल्या बारा पायऱ्या ते छान चढले. वळणापासून पुढे ते एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकू लागले. ओल्या वाळूचं पाणी कानामागून त्यांच्या सदऱ्यात उतरत होतं.

"उतरवा," ते म्हणाले. आवाज वेगळाच आला. "खाली ठेवतो जरा."

"न्हाई ठिवता येत, साहेब," सोजरबाई मागून म्हणाली. अगदी शांतपणे, नव्या सुनेला सांगावं तशी. "उचलायला खाली दोघं असत्यात, उतरून घ्यायला वर असत्यात. मधी कुणी नसतंय. वाकलात तर मान धरंल. म्होरं बघा, पायाकडं बघू नका. चला."

"मला जमत नाही."

"जमतंय. थांबू नका निस्ते."

ते चढत राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं आणि डोळे समोरच्या भिंतीवर खिळले होते. कोणी हसत नव्हतं. पन्नालालशेठही नाही. वरच्या पायरीशी सोजरबाई त्यांना ओलांडून पुढे गेली, मी दुसऱ्या बाजूने गेले, आणि दोघींनी मिळून ते घमेलं खाली घेतलं. आत जाऊन देवस्थळी दिसेल त्या पहिल्या खुर्चीत कोसळले. ती सोजरबाईची खुर्ची होती.

पाणी आणलं, चहा आणला. सगळे स्थिरावल्यावर पन्नालालशेठ घसा साफ करून म्हणाले, "बाईंनी छान दाखवलं. मला आदर आहे. पण नियमाने निमंत्रितांना मत नसतं. त्यांची हरकतही नोंदवता येत नाही. माझे साचे तयार आहेत, साहेब. मसुद्यावर सभासदांपैकी कुणाची हरकत नव्हती."

रिसबूड नियमावली चाळू लागले. शेठचं म्हणणं बरोबर होतं, ते मला पानासकट माहीत होतं. सोजरबाई माझ्याकडे बघत होती. तिला शब्द समजले नसतील, पण पुन्हा दार लागतंय एवढं तिला कळलं होतं.

मी उभी राहिले. "सर, मसुदा माझ्या चाचणीवर उभा आहे. ती चाचणी मी चुकीच्या रीतीने घेतली. मी माझा अहवाल मागे घेते."

"टिपणीसबाई," देवस्थळी खुर्चीतूनच म्हणाले. अजून त्यांना धाप होती. "मागे घेतलेला अहवाल तुमच्या गोपनीय नोंदीत लागेल. बढतीच्या यादीत आहात तुम्ही."

"लागू दे."

"विचार करा."

"सहा वर्षं केला नाही, आता करून झालाय."

मी टेबलावरून कागद उचलला, सहीवर आडवी रेघ मारली, तारीख घातली आणि रिसबूडांपुढे ठेवला. चाचणीशिवाय मसुदा मंजूर होत नाही, हे कलम सात होतं. ते कुणाला वाचून दाखवावं लागलं नाही.

रिसबूडांनी कागदावर बोट ठेवलं. "नवी चाचणी. ओला माल, शीग लावून. वजन पंचवीस किलोच्या आत बसेल तोच आकार. सोजरबाई, आणखी काही?"

"काठ दुमडून द्या," ती म्हणाली. "धरताना हाताला लागतो."

"लिहून घ्या," सर म्हणाले.

देवस्थळी उठले. कसेबसे उभे राहून त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि सोजरबाईला म्हणाले, "बसा." मग हजेरीचा कागद स्वतःकडे ओढून घेतला. त्या दिवशी त्या जागेपुढे त्यांनी काहीच लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलं, आणि मोठ्याने वाचलं, "वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी. हजर."

आज मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्या खोलीतले बहुतेक जण आता नाहीत. रिसबूड सर १९९६ साली गेले. तोवर त्यांनी मुख्यालयाला सतत पत्रं लिहून एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. कुठल्याही समितीने बैठकीची तारीख ठरवण्याआधी, ती वस्तू वापरणाऱ्यांना सुट्टी कधी असते हे विचारायचं. अमावस्येची दाढी मात्र ते शेवटपर्यंत करत नसत, असं मालतीबाईंनी मला सांगितलं.

पन्नालालशेठनी साचे मोडले. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे दुमडलेल्या काठाचं घमेलं इतकं चाललं की त्यांनी कारखान्याच्या पाटीवर 'कामगार महिलांच्या सल्ल्याने' असं रंगवून घेतलं. बैठकीत बॅग मात्र कायम मांडीवर.

माझी बढती चार वर्षं अडकली. ती सोडवायला देवस्थळींनीच माझ्या नोंदीवर शेरा लिहिला, हे मला ते निवृत्त झाल्यावर कळलं. शेरा एका ओळीचा होता. 'अहवाल मागे घेणे योग्य होते. मी स्वतः वाहून पाहिले आहे.'

सोजरबाई अकरा अमावस्यांना आली. पावसाळी बुटांच्या समितीत तिने शेजारच्या रस्ते झाडणाऱ्या दोघींना आणलं, शिड्यांच्या समितीत यल्लव्वा नावाच्या मैत्रिणीला. मग तिची मान धरली आणि ती गावी गेली. तीस वर्षांचं ओझं आमच्या कुठल्याही मानकाने उतरणारं नव्हतं. २००४ साली मी तिला आष्टीला भेटायला गेले. ती ओट्यावर बसली होती, मान एका बाजूला वळत नव्हती, म्हणून मला तिच्या उजव्या अंगाला बसावं लागलं. तिने नातीला हाक मारली आणि शेणाने भरलेलं एक जुनं घमेलं आणायला लावलं. रिकामं करून, पदराने पुसून तिने ते माझ्यापुढे धरलं आणि माझं बोट काठावरून फिरवलं. काठ दुमडलेला होता.

"ताई," ती म्हणाली, "त्या खुर्चीवर आता कोण बसतं?"

"नाशिककडच्या एक बाई आहेत. विटा वाहतात."

"बोलती का?"

"फार."

"मंग ठीक हाय," सोजरबाई म्हणाली, आणि नातीला चहा टाकायला सांगितलं.